एकदाच विचारणारा माणूस

रेवणप्पाने आयुष्यात कुणाशी भांडण केलं नाही, याचं कौतुक मी चारचौघांत कितीदा केलं असेल त्याचा हिशोब नाही. पालकसभेत तर नाव घेऊन करायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. माणसाला कौतुक करायला काही पैसे पडत नाहीत, म्हणून मी ते सढळ हाताने करत आलो.

मी अच्युतराव. औराद तालुक्यातल्या एका गावात मराठी माध्यमाच्या हायस्कुलात एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्या देवळामागं उभं राहिलं की समोरच्या ओढ्यापलीकडचं रान महाराष्ट्रात आहे. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दोन्ही आणि भांडताना दखनी उर्दू, असा आमच्याकडचा कारभार. मराठी शाळा आहे म्हणून आम्ही अभिमानाने बोलतो आणि दरवर्षी मुलांचा पट दोन-दोनदा मोजतो. मी निवृत्त झालो त्या वर्षी तीन वर्गांत मिळून एक्केचाळीस मुलं होती.

रेवणप्पा धनगर. साठ-सत्तर मेंढरं, एक कुत्रं, अंगावर काळी घोंगडी. दिवाळी झाली की तो कळप घेऊन निघायचा, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत भालकीकडून उदगीरकडं, कधी पार तेलंगणात, आणि उन्हाळा सरता सरता परत यायचा. शाळेत आला तर ऑफिसच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहायचा. खुर्ची दाखवली तरी बसायचा नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मी त्याला तू म्हणायचो आणि तो मला तुम्ही. यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

एकदा मी त्याला सहज विचारलं होतं, "परक्या शिवारात एवढी जनावरं घेऊन फिरतोस, कुणाशी वाजत नाही का रे?"

"कामून वाजंल सर? आमी एकदाच इचारतो," तो म्हणाला. "बांधावर उभा ऱ्हायचं, 'मालक, पाणी पाजू का?' म्हनायचं. व्हय म्हनला तर पाजायचं. न्हाई म्हनला तर मेंढरं वळवायची आन् गुमान पुढं जायचं. दुसऱ्यांदा इचारलं की तेला वाटतंय, ह्यो भांडायला आलाय. तिथं आमी एक आसतो सर, आन् ते धा."

त्याच्या चुलत्याने म्हणे एकदा दुसऱ्यांदा विचारलं होतं. मेंढरं दोन दिवसांची तहानलेली होती, विहीर भरलेली होती. चुलत्याचा डावा डोळा त्या विहिरीवर गेला. रेवणप्पा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि चुलत्याचं डोकं मांडीवर घेऊन बैलगाडीत बसला होता. तेव्हापासून त्याच्या घरात हा कायदाच झाला. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस कधी पडतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

जगदेवी ही त्याची एकुलती एक मुलगी. तिला हा कायदा दुधाबरोबरच पाजला गेला होता. वर्गात बाकीची मुलं माझं डोकं खायची. ही हात वर करून एकदा विचारायची. मी "नंतर सांगतो" म्हणालो आणि विसरलो, तर पुन्हा विचारायची नाही. घरी जाऊन स्वतःच डोकं घालून बसायची आणि दुसऱ्या दिवशी उत्तर वहीत असायचं. गणितात, विज्ञानात तिच्या जवळपास फिरकणारं कुणी नव्हतं. तिच्या प्रगतिपत्रकावर तिन्ही वर्षं मी एकच वाक्य लिहिलं: अत्यंत शांत, आज्ञाधारक, इतरांनी आदर्श घ्यावा. सही ठोकली, शिक्का मारला.

आणि माझ्या घरात काय चाललं होतं तेही सांगून टाकतो. माझा मुलगा संकर्षण बीदरला इंग्रजी शाळेत शिकत होता. मराठी शाळेचा हेडमास्तर, आणि पोरगा इंग्रजीत. कुणी विचारलं तर मी पुढच्या शिक्षणाची काहीतरी सबब सांगायचो. त्याला दहावीच्या सराव परीक्षेत एक मार्क कमी पडला तर आमच्या सुमतीबाई, म्हणजे माझ्या पत्नी, शाळेत फोन करून करून त्या मास्तरला रडकुंडीला आणायच्या. मी त्याला सांगायचो, "ऐकून घेत नाहीत तोवर टेबलासमोरून हलायचं नाही." एका मार्कासाठी त्याने मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेर तीन तास काढले आणि मार्क घेऊनच आला. आम्ही त्या दिवशी जिलेबी आणली. घरी मुलाला हे शिकवायचं आणि शाळेत धनगराच्या पोरीला गप्प राहण्याबद्दल टाळ्या वाजवायच्या, हे दोन्ही मी एकाच दिवशी करत होतो आणि मला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं.

जगदेवीच्या शिक्षणासाठी रेवणप्पाने जे केलं ते मात्र आमच्यापैकी कुणी केलं नसतं. पूर्वी बायकापोरंही कळपाबरोबर जायची. जगदेवी आठवीत गेली तेव्हा त्याने बाणूबाईला, तिच्या आईला, गावातच ठेवलं. तीन हिवाळे तो एकटा हिंडला. उघड्यावर एकटा भाकरी थापायचा, ताप आला तर एकटा पडून राहायचा. त्या तीन वर्षांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला.

बाणूबाईला हे सगळं मानवत नव्हतं. तिचा भाऊ रेवणसिद्धप्पा आळंद तालुक्यात निंबर्ग्याला असतो. तिकडं बागायत आहे, घर पक्कं आहे. त्याने आपल्या मुलासाठी, रविकुमारसाठी, भाचीला मागणी घातली होती. आमच्याकडं मामाच्या घरी मुलगी देणं म्हणजे पडक्या भिंतीला आधार मिळाल्यासारखं समजतात. जगदेवी नववीत असताना तो पाहुणा आला आणि चार माणसांसमोर बसून विषय काढला. रेवणप्पाने तिथंच शब्द दिला, "धाव्वी पास झाली तर शिकंल, मग नाव काढायचं न्हाई. नापास झाली तर तुमची."

हे त्याने मला मोठ्या ऐटीत सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तेव्हा सोळा वर्षांची असेल ती. कायदा आहे. अठराच्या आत लग्न करता येत नाही."

"नापास व्हनारच न्हाई," तो हसला. "मग कायद्याचं काय काम सर?"

मीही हसलो. खरंच वाटत होतं मला तसं.

जगदेवीला नर्स व्हायचं होतं. गावच्या उपकेंद्रात पवित्रा सिस्टर येतात. त्या रजिस्टर लिहितात आणि दारू पिऊन आलेल्या बाप्यांना "गप बसा, नंबर आल्यावर बोला," असं दरडावतात. ते बघायला म्हणून ही पोरगी आईबरोबर उगीचच उपकेंद्रात जायची, असं बाणूबाई सांगते.

दहावीची परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या गावात होतं. त्याचं नावही लिहीत नाही. आमची अकरा मुलं, बाकी सगळी कानडी माध्यमाची. प्रत्येक पेपर संपला की मी मुलांना फोनवर विचारायचो. विज्ञानाच्या दिवशी जगदेवी म्हणाली, "बरा गेला सर." ती नेहमीच बरा म्हणायची आणि नव्वद पाडायची. मी पुढच्या मुलाकडं वळलो.

निकाल लागला तेव्हा मी शाळेतल्या संगणकासमोर बसलो होतो. जगदेवीचा नंबर टाकला. गणित शहाण्णव, मराठी त्र्याण्णव, कानडीत सुद्धा ऐंशीच्या वर. विज्ञानात नापास. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. मग चप्पल घातली आणि उन्हातान्हात तिच्या घरी गेलो.

रेवणप्पा नुकताच परत आला होता. मेंढरं आंब्याखाली बसली होती. बाणूबाई दारात भाकरीचं पीठ मळत होती. मी आत शिरलो तोच ओरडत.

"काय केलंस तू विज्ञानाला? पेपर कोरा सोडला का?"

जगदेवी उभी राहिली. कोनाड्यातून दप्तर काढलं, त्यातून घडी केलेली प्रश्नपत्रिका काढून माझ्या हातात दिली. मी ती उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कानडी. तिला कानडी माध्यमाचा पेपर दिला गेला होता; आमची बाकीची दहा मुलं दुसऱ्या खोलीत होती.

कानडी तिला वाचता येत होती, विषयच होता तो. पण प्रकाशाचं वक्रीभवन, विद्युतरोध, पचनसंस्था हे सगळे शब्द ती मराठीत शिकलेली. कानडी पुस्तकातले शब्द निराळे. जिथं आकृती होती तिथं तिने आकृतीवरून ओळखून उत्तर लिहिलं होतं. पेन्सिलने प्रश्नांच्या शेजारी बारीक बारीक अंदाज लिहिले होते, "हे हृदय असावं का", "आरसा?" असे. ते मी एकेक करून वाचले.

"अगं, सांगितलं का नाहीस? तिथंच का नाही सांगितलंस?"

"इचारले व्हते सर," ती म्हणाली. "उभी ऱ्हाऊन म्हनले, सर, माझा पेपर मराठी हाय. ते सर म्हनले, 'कूत्को, सुम्ने बरी.' वर क्यामेरा व्हता. मग बसले."

बस, गुमान लिही. बहुधा त्या माणसाने तिचं ऐकलंही नसेल. कॅमेऱ्यात आपल्या खोलीत गडबड दिसू नये एवढीच त्याला काळजी असेल. माझ्या संकर्षणने त्या जागी बाक वाजवून केंद्रप्रमुखाला बोलावलं असतं. कुठलंही पोर दुसऱ्यांदा हात वर करतं. पेपर चुकलाय, वर्ष जातंय, आयुष्य जातंय, कोण बसेल गप्प? ही बसली. तीन तास बसली, आणि घरी येऊन दोन महिने बसली.

मी रेवणप्पाकडं पाहिलं. तो खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. त्याला समजलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही.

"एकदाच इचारलीस व्हय ग?" त्याने विचारलं.

"व्हय अप्पा," ती म्हणाली. चूक केली असं तिच्या आवाजात कुठंच नव्हतं. बाणूबाई पिठाचे हात तसेच धरून आमच्याकडं बघत राहिली.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं, बाप-लेक आणि मी, तक्रार घेऊन शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयात गेलो. पेपर चुकीचा दिला हे कबूल झालं तर निकाल राखून ठेवला असता, फेरपरीक्षेत नापासाचा शिक्का न लागता बसता आलं असतं, आणि मुख्य म्हणजे रेवणसिद्धप्पाला सांगता आलं असतं की पोरगी नापास झालेलीच नाही. पुरवणी परीक्षा होतीच, पण रेवणप्पाच्या लेखी नापास म्हणजे नापास. दिलेला शब्द पुरवणी परीक्षेची वाट बघत नाही. सगळं त्या एका अर्जावर होतं.

बसमध्ये मी त्याला घोकून घेतलं. "साहेब नाही म्हणेल. पहिल्यांदा सगळेच नाही म्हणतात. तू हलायचं नाही. पुन्हा सांगायचं. पुन्हा नाही म्हणाला तर पुन्हा. समजलं?"

"समजलं सर," तो म्हणाला. "बाप हाय मी. मीच बोलतो. शंभर डाव इचारतो." जगदेवी खिडकीशी बसून ऐकत होती.

तीन तास बाहेर बाकावर काढल्यावर आत बोलावलं. रेवणप्पाने घोंगडी बाहेर काढून ठेवली, चपलाही. साहेब फायलीत डोकं घालून होते. रेवणप्पाने हात जोडले आणि स्वच्छ कानडीत, शब्दही न चुकता सगळं सांगितलं. मला अभिमान वाटला त्याचा.

साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "दोन महिने झोपला होता काय? असला पेपर कुठूनही आणता येतो. मुलगी नापास झाली म्हणून काहीतरी सांगत असेल." मग मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. "होय का नाही?"

खोलीत पंखा फिरत होता. मी रेवणप्पाच्या पाठीकडं बघत होतो. त्याचे खांदे हळूहळू खाली आले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"तुमी म्हनता तसंच आसंल साहेब," तो म्हणाला, पुन्हा एकदा हात जोडले आणि मुलीचा दंड धरून बाहेर निघाला.

मी पुढं झालो. तोंड उघडलं. साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "हेडमास्तर, यंदा तुमचा पट किती?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले आणि पुढची फाईल ओढली. बंद करायच्या कमी पटाच्या शाळांची यादी त्याच टेबलावरून जाते हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. मी अर्ज टेबलावर ठेवला, पोच मागितली नाही, बाहेर आलो.

बाहेर आल्यावर मात्र माझी जीभ सैल सुटली. सगळ्या रस्त्यावर ऐकू जाईल असा मी रेवणप्पावर ओरडलो. मेंढरांत राहून मेंढरू झालास म्हणालो. नाही नाही ते बोललो. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी जगदेवी मध्ये आली. "सर, अप्पाला बोलू नका," ती म्हणाली, एवढंच. मग मी गप्प झालो, कारण आत मी स्वतः काय दिवे लावले होते ते दारातून वळून तिनेही पाहिलं होतं.

लग्न आषाढ लागायच्या आत निंबर्ग्याला झालं, एका देवळात, वीस-पंचवीस माणसांत, पत्रिका न छापता. मला सांगितलं होतं. मुलांच्या मदतीचा फोन नंबर आमच्या शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे. मी तो रोज येता-जाता वाचायचो. आठ दिवस माझ्या खिशात मोबाईल होता आणि मी तो फोन केला नाही. शाळेतली चौदा मुलं धनगरांची होती. फोन गेला असता तर ती चौदाही दाखले घेऊन गेली असती आणि शाळेला कुलूप लागलं असतं. तेव्हा हे कारण मला फार मोठं वाटलं होतं. आता ते कुणाला सांगितलं तर समोरचा मान डोलावतो, पण मी त्याच्या डोळ्यांकडं बघत नाही.

लग्नानंतर रेवणप्पा बदलला. आधी आम्हाला कळलं नाही. कंडक्टरने औरादचं तिकीट फाडलं तर तो पुन्हा विचारायचा, औरादचंच आहे ना. दुकानदाराने साखर दिली तर पुन्हा, हीच का. लोकांना वाटलं बहिरा होतोय. मग तो त्या वरच्या कार्यालयात जायला लागला. एकटाच, पहाटेच्या बसने. शिपाई हाकलायचा, हा पुन्हा जायचा. सहा वेळा गेला. सहाव्या वेळी त्याला सांगण्यात आलं की तक्रारीची मुदत जूनमध्येच संपली. पंचमीला जगदेवीला माहेरी पाठवली नाही तेव्हा तो दिवसभर फाट्यावर उभा होता आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, निंबर्ग्याची गाडी गेली का. मेंढरांकडं लक्ष राहिलं नाही. दिवाळीनंतर तो निघालाच नाही. अर्धा कळप विकून टाकला.

डिसेंबरात तो माझ्याकडं आला. मी तोवर निवृत्त झालो होतो. पहिल्यांदाच खुर्चीवर बसला.

"भायेरून परीक्षा देता येती म्हनं. फारम द्या सर."

मी फॉर्म आणून दिला. मी स्वतः भरून दिला, फक्त जगदेवीची सही हवी होती, आणि तिला परीक्षेला पाठवतो म्हणून सासरकडच्या एकाची. त्याने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि निंबर्ग्याला निघून गेला. तिसऱ्या दिवशी बाणूबाई रडत माझ्या दारात आली. भावाचा फोन आला होता: दाजीला घेऊन जावा, न्हाईतर आमी पोलिसाला सांगतो.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. रेवणसिद्धप्पाच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली रेवणप्पा घोंगडीवर बसला होता. तीन दिवसांची दाढी, पुढ्यात ती पिशवी. घरातून कुणीही बाहेर पडलं की तो उठायचा आणि म्हणायचा, "पाव्हनं, येक सही." मेहुण्याला, त्याच्या बायकोला, जावयाला, पाणी भरायला आलेल्या शेजारणीला, शाळेत चाललेल्या लेकरांना. पारावर दहा-बारा रिकामटेकडे हसत बसले होते. कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण करत होतं.

रेवणसिद्धप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी तरी समजावा सर. दाजीचं डोस्कं फिरलंय. धा डाव न्हाई म्हनलो, तरी पुन्हा तेच इचारायलाय."

"मग सही का करत नाहीस?" मी म्हणालो.

"सून पेपर लिवायला बसली तर भावकीत काय ऱ्हाईल माझं?"

मी तिथंच उभा राहून पुन्हा म्हणालो, पुन्हा म्हणालो. माझ्या पेन्शनला आता कुणी हात लावू शकत नव्हतं, त्यामुळं माझ्या अंगात भलतीच हिंमत आली होती. तो फक्त मान हलवत राहिला. रविकुमार दारात उभा होता, पोरगेलासा, वाईट नाही. पण बापाच्या पुढं तोही तोंड उघडत नव्हता.

मग जगदेवी बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. सहा महिन्यांत तिचा चेहरा मोठ्या बाईसारखा झाला होता. तिने रस्ता ओलांडला. बापाला पाणी दिलं, तो पिईस्तोवर थांबली. आईकडं पाहिलं, माझ्याकडं नाही.

"अप्पा, आता घरला जावा."

"सही झाली की जातो ग."

"लोक हसायलेत अप्पा. तीन दिस झाले. मला पान्याला जायची लाज वाटायली."

"हसू दे. तू सांग, तुला शिकायचंय का न्हाई?"

तिने त्याच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला. पारावरची माणसं ऐकायला पुढं सरकली.

"जगू, शिकायचंय का?" त्याने पुन्हा विचारलं. मग पुन्हा. तिचा पदर धरून, वर तोंड करून, "येवढं सांग, शिकायचंय का?" बाणूबाईने तोंडात पदर कोंबला.

जगदेवीने बापाच्या मुठीतून आपला पदर सोडवून घेतला. रागाने नाही, एकेक बोट उलगडून. मग खाली वाकली, फॉर्मची पिशवी उचलली आणि माझ्यासमोर येऊन ती माझ्या हातात दिली.

"सर, ह्यांना घेऊन जावा," ती म्हणाली. "आन् पुन्हा आनू नका."

रेवणप्पा उठला. घोंगडी झटकली, खांद्यावर टाकली आणि आमच्या आधी फाट्याकडं चालायला लागला. तिने सांगितल्यावर त्याने एकदाही मागं वळून पाहिलं नाही. ती दारात उभी होती की आत गेली, हे मीच वळून पाहिलं. ती आत गेली होती.

आळंदला आम्ही गाडी बदलली. कलबुर्गी येईपर्यंत तो खिडकीबाहेरची तूर बघत होता. तुरी काढणीला आल्या होत्या. मग एकाएकी माझ्याकडं वळला.

"सर, आमच्या पोरीला वळण चांगलं लागलंय न्हवं?"

"हो," मी म्हणालो. "फार चांगलं लागलंय."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो. हुमनाबाद गेलं, अंधार पडला, बाणूबाई पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं टेकून बसली होती, आणि बीदर येईपर्यंत तो मला तेच विचारत राहिला.